दोन जावांच्या गोष्टीचा शेवट

छापील अंक बंद करायचा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा माझ्यापुढं पुढच्या अंकाची प्रुफं पडलेली होती. ती आता तपासायची की नाही, एवढंच मी विचारलं. ते खिडकीतून खाली बघत म्हणाले, "तपासा. हा एक अंक तर काढायचाच आहे."

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला, एका बियाणे कंपनीच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर आमची खोली होती. मासिक घरगुती वाचनाचं. दोन कथा, एक क्रमशः कादंबरी, पाककृती, शेतीचं एखादं पान, वाचकांची पत्रं आणि शेवटी शब्दकोडं. संपादक पूर्वी कॉलेजात मराठी शिकवायचे. नोकरीतून लवकर मोकळे होऊन त्यांनी हे मासिक काढलं होतं. मी तिथं प्रुफं वाचायला म्हणून लागले आणि हळूहळू मजकूर मागवणं, लेखकांना फोन करणं, गठ्ठ्यांवर पत्ते चिकटवणं असं सगळंच माझ्याकडं आलं. माझे मिस्टर बँकेत आहेत. त्यांच्या बँकेतल्या लोकांना मी काय काम करते हे सांगताना ते "पुस्तकाच्या ऑफिसात" एवढंच सांगायचे.

मासिक बंद पडण्याचं कारण सांगायला सोपं आहे. लोक वाचेनासे झाले असं कुणीही म्हणेल. पण आम्हाला ते एकदम कळलं नाही. बसस्टँडवर ज्या स्टॉलवर आमचा अंक दोरीला लटकायचा, तिथं मोबाइलची कव्हरं लटकायला लागली. प्रेसवाल्यानं मोठं मशीन विकून फ्लेक्सचं मशीन आणलं आणि आमचं काम तो दुसरीकडून करून घ्यायला लागला. वर्गणीदारांच्या घरून फोन यायचे, "आजोबा गेले, आता अंक पाठवू नका." नवीन माणूस वर्गणी भरायला येत नव्हता. संपादक दर महिन्याला म्हणायचे, दिवाळी अंक होऊ द्या, मग बघू. एका दिवाळीनंतर ते तसं म्हणाले नाहीत.

त्या वेळी आमच्याकडं जी क्रमशः कादंबरी चालू होती, ती कुंभार पिंपळगावच्या एका बाईंची होती. त्या मला वयानं बऱ्याच मोठ्या, म्हणून मी त्यांना काकू म्हणायचे. दहावीपर्यंत शिकलेल्या, घरची मोसंबीची बाग, नवरा शेतीत, मुलगी लग्न होऊन गेलेली. त्यांनी आधी एक पत्र पाठवलं होतं की तुमच्या गोष्टींतल्या बायका नुसत्या रडतात, भांडत कशा नाहीत. संपादकांना ते इतकं आवडलं की त्यांनी लगेच उत्तर लिहिलं, मग तुम्हीच लिहून पाठवा. आणि काकूंनी खरंच लिहून पाठवलं.

गोष्ट दोन जावांची होती. वाटणीत घराच्या मधोमध भिंत पडते, आणि एकमेकींशी अबोला धरलेल्या दोघी जावा भिंतीच्या दोन बाजूंना राहतात. इकडं काय शिजलं ते तिकडं वासानं कळतं, तिकडं कोण आजारी आहे ते इकडं खोकल्यानं कळतं, पण शब्द जात नाही. एवढंच. त्यात दुसरं काहीच घडत नव्हतं, आणि तरी आमच्या सगळ्या अंकात लोक आधी तेच पान काढायचे. सगळी पत्रं त्याच गोष्टीवर. एका बाईंनी लिहिलं होतं, भिंत पाडणार असाल तर मला आधी सांगा, मी माझ्या जावेला वाचायला बोलावीन.

छापील अंक बंद होतोय हे काकूंना फोनवर सांगणं मला जमेना. म्हणून मी शेवटच्या अंकाचा गठ्ठा घेऊन स्वतःच पिंपळगावला गेले. आठवडी बाजाराचा दिवस होता. तिथं एक वह्या-पेनांचं दुकान आमचे अंक ठेवायचं. तिथं गठ्ठा टाकला आणि काकूंच्या घरी गेले.

त्यांच्या अंगणात शिरले आणि थबकलेच. अंगणाच्या मधोमध सिमेंटच्या विटांची भिंत होती. न लिंपलेली, माणसाच्या डोक्याएवढी उंच. गोष्टीतल्यासारखीच.

"आता कळलं ना?" काकू हसल्या. "बसा. चहा ठेवते."

दुपारी गल्लीतल्या बायका जमल्या. नवा अंक आला की काकू तो भाग मोठ्यानं वाचून दाखवायच्या, असा तिथला रिवाज पडला होता. बायका शेंगा फोडत बसल्या आणि काकूंनी वाचायला सुरुवात केली. भिंतीच्या पलीकडून भांडी घासल्याचा आवाज येत होता. वाचन सुरू झालं आणि तो थांबला. काकूंनी वाचता वाचता माझ्याकडं बघितलं, आवाज जरा वाढवला आणि तोंड भिंतीकडं करून पुढचं वाचलं.

बायका गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "थोरली हाय माझी जाऊ. तिला वाचता येत न्हाई. पण ऐकती. प्रत्येक अंक ऐकती."

"बोलणं नाही तुमचं?"

"कुठलं बोलणं! चुलत दिराच्या पोराच्या लग्नात मानाचं पातळ मला आधी दिलं, तिला मागून. मी का मागितलं होतं? पण तिच्या मनाला लागलं. मंग वाटणी झाली, भिंत झाली, आणि कोणीच कोणाशी बोललं न्हाई. किती वर्षं झाली, आता मोजूबी वाटत न्हाई."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मी चहा पिणं विसरले. मागच्या एका भागात त्यांनी लिहिलं होतं की धाकटीच्या बाळंतपणात थोरलीनं तिला स्वतःच्या हातानं शेक दिला होता, तिच्या माहेरचं कुणी आलं नाही तेव्हा. तो भाग वाचून झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर ताकाचा तांब्या ठेवलेला होता. कुणी ठेवला ते दिसलं नाही. काकूंनी ताक घेतलं, तांब्या घासला आणि त्यात भुईमुगाच्या शेंगा भरून परत भिंतीवर ठेवून दिला. दुपारी तांब्या नव्हता.

"तवापासून हे चालू हाय," त्या म्हणाल्या. "कधी तिच्याकडून, कधी माझ्याकडून. तोंडानं न्हाई, पण चालू हाय."

आणि मग मला सांगावं लागलं की हा शेवटचा छापील अंक आहे.

काकूंनी माझा हातच धरला. "दोन-तीन अंक काढा ना अजून. बिलकुल दोन-तीनच. मंग करा बंद. तुमच्या सायबांना सांगा की माझ्या नावानं."

मी त्यांना सांगितलं की गोष्ट बंद होणार नाही, ती आता मोबाइलवर येईल. सगळ्यांच्या घरात मोबाइल आहे, उलट जास्त लोक वाचतील. हे सगळं मी संपादकांकडून ऐकलेलं होतं आणि तेव्हा माझा त्यावर विश्वासही होता.

"ते खरं हाय हो," काकू म्हणाल्या. "पण जिच्या-तिच्या हातात आलं तर माझ्याकडं कोण येणार ऐकायला? आणि कोणी आलं न्हाई तर मी भिंतीकडं तोंड करून एकटीच वाचू का? येड्यात काढतील."

मी त्यांना काहीतरी धीर देणारं सांगितलं.

वेबसाइट पुण्यातल्या एका माणसानं बनवली. संपादकांच्या ओळखीतून तो आला होता, कामाला चलाख, बोलायला गोड. त्यानं सांगितलं की लोकांना मोठं वाचायचं नसतं, तुकडे करा, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी काहीतरी धक्का ठेवा. मी काकूंची कादंबरी पहिल्या भागापासून टाइप करून त्याला पाठवत होते. तो मथळे बदलून टाकायचा. "भिंत : भाग चौथा" असं मी लिहिलेलं असायचं आणि साइटवर दिसायचं, "थोरल्या जावेच्या मनात नेमकं काय होतं?" मी फोन केला की म्हणायचा, "मॅडम, मजकुराला मी हात लावला का? नाही ना? मथळ्याशिवाय लोक थांबत नाहीत."

लोक मात्र थांबत होते. पहिल्या काही आठवड्यांत संपादक सकाळी आल्या आल्या मला विचारायचे, काल किती जणांनी वाचलं? आकडा ऐकून त्यांचा चेहरा उजळायचा. छापील अंकाला इतके वाचक आयुष्यात मिळाले नव्हते. एकदा ते म्हणाले, "आपण उगाच घाबरलो होतो."

पिंपळगावात काय होत होतं ते काकू फोनवर सांगायच्या. बायका येईनाशा झाल्या होत्या. वाचायचं कुणाला झालं, कुणाला नाही. मोबाइल उघडला की गोष्टीच्या आधी दुसरंच काहीतरी दिसायचं आणि त्या तिकडंच जायच्या. तरी काकू लिहीत होत्या. तांब्याची आणि शेंगांची गोष्टही त्यांनी एका भागात घातली. तो भाग त्यांनी स्वतः अंगणात बसून मोठ्यानं वाचला, पदर डोक्यावर घेऊन, पूजेचं काही वाचतेय असं दाखवून. पलीकडून काही आवाज आला नाही. पण दुसऱ्या दिवशी भिंतीवर पुरणाची पोळी होती. तीही त्यांनी पुढच्या भागात लिहिली.

आता शेवटचे भाग राहिले होते. पुण्याचा माणूस घाई करत होता. काकू म्हणायच्या, थांबा जरा, मला दिसू द्या. आणि त्यातच तो माणूस फोन उचलेनासा झाला. त्याला दुसरीकडं मोठी नोकरी लागली होती असं नंतर कळलं. साइटचं जे काही वर्षाचं नूतनीकरण असतं ते त्यानं केलंच नाही, आणि ते कसं करायचं, कुणाच्या नावावर आहे, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. एके सकाळी मी पत्ता टाकला तर पांढरं पान. काही दिवसांनी त्याच पत्त्यावर कुठल्यातरी खेळाची जाहिरात यायला लागली. आमचं सगळं त्या पांढऱ्या पानात गेलं. छापील अंक कपाटात होते, पण साइटवर जे आलं होतं ते गेलं. संपादक खुर्चीत बसून होते. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

त्यानंतर खोली सोडली. संपादकांनी अंक घरी नेले. मी खालच्याच बियाणे कंपनीत लागले. शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जे संदेश जातात, कोणत्या वाणाला किती पाणी, कोणत्या किडीला काय फवारायचं, ते सोप्या मराठीत लिहायचं काम. काम वाईट नाही. तिथं असतानाच एका दुपारी काकूंचा फोन आला.

"तुम्ही लिहिला का माझ्या गोष्टीचा शेवट?"

मला कळेचना. "कसला शेवट, काकू? साइट तर बंद आहे."

"मंग कोणी लिहिला?"

थोरल्या जावेची सून पुण्याहून सुट्टीला आली होती, तिनं तिच्या मोबाइलवर गोष्ट लावली होती. गोष्टी वाचून दाखवणारा एक चॅनल होता. त्यावर आमची सगळी कादंबरी, शब्द न् शब्द, एका बाईच्या आवाजात, मागं बासरी लावून. चित्र कुठल्यातरी नऊवारीतल्या बाईचं. लेखिका म्हणून भलतंच नाव. आणि आमच्याकडं शेवट नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचा शेवट जोडला होता. थोरली जाऊ पुरणाच्या पोळीत विष घालून ती भिंतीवर ठेवते आणि धाकटी ती खाते. व्हिडिओचं नावच होतं, जावेनं घातलं विष.

काकू सांगत होत्या आणि मला ऑफिसातल्या पंख्याचा आवाज फार मोठा वाटायला लागला.

"तिनं सगळं ऐकलं," त्या म्हणाल्या. "सून म्हन्ली, बघा आत्याबाई, किती चांगली गोष्ट हाय, आपल्यासारखीच. हिनं शेवटपर्यंत ऐकलं. मंग भिंतीपाशी आली. इतक्या वर्षांनी बोलली माझ्याशी. म्हन्ली, मी तुला इख घातलं का गं?"

फोन चालूच होता. मी काकू, काकू करत राहिले.

त्या रविवारी मी आणि संपादक दोघंही पिंपळगावला गेलो. संपादकांनी सगळे छापील अंक पिशवीत भरून घेतले होते. थोरल्या जाऊबाई म्हणजे उंच, सावळ्या, शांत बाई. त्यांनी आम्हाला घरात घेतलं, पाणी दिलं. भिंतीच्या त्या बाजूला मी पहिल्यांदाच आले होते. संपादकांनी त्यांना कॉलेजात शिकवावं तसं सगळं समजावून सांगितलं. हे बघा मूळ अंक. हे तुमच्या जाऊबाईंचं नाव. यात विषाबिषाचं काही नाही. ते दुसऱ्याच कुणीतरी चोरून, खोटं जोडून घातलंय.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अंकांना हात लावला नाही.

"भाऊ, मला वाचता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पण कान हायेत. त्या मोबाइलात बाळंतपणाचं हाय. खरं हाय का ते?"

"हो, ते..."

"तांब्याचं हाय. शेंगाचं हाय. पोळीचं हाय. समदं बराबर हाय. मी आन् ती सोडून कोणालाच ठावं नव्हतं ते. मंग तिनंच सांगितलं ना? एवढं समदं खरं, आन् शेवटचंच तेवढं खोटं?"

"ते त्यांनी नाही लिहिलं हो," मी म्हणाले.

"तिच्या मनात असंल." त्या माझ्याकडं बघत होत्या, रागानं नाही. "गावातल्या बाया मला इचारून राह्यल्या, पोळीत काय घाल्तं म्हणून. हसून इचारतेत, पण इचारतेत. मी काय सांगू त्याह्यला?"

संपादकांनी अंक पिशवीत परत भरले. भरताना एक अंक खाली पडला, तो जाऊबाईंनीच उचलून दिला.

नंतर मी तो व्हिडिओ काढून टाकण्यासाठी जे जे करता येईल ते करत सुटले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तक्रार भरायची. तक्रारीत पहिलाच प्रश्न, मूळ मजकूर कुठं आहे त्याचा पत्ता द्या. पत्ता म्हणजे इंटरनेटवरचा. आमच्या पत्त्यावर आता खेळाची जाहिरात होती. मी छापील पानांचे फोटो काढून जोडले. उत्तर आलं की दिलेल्या माहितीवरून पडताळणी करता आली नाही. मी पुन्हा पाठवले, अंकाचं मुखपृष्ठ, प्रेसचं नाव, महिना, सगळं दिसेल असे. पुन्हा तेच उत्तर, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. माणसानं लिहिलेलं उत्तर असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. पलीकडं कुणी नव्हतंच.

चॅनलवाल्याला लिहिलं. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि मला ब्लॉक करून टाकलं.

व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं मी वाचायला नको होतं, पण वाचत होते. अशा जावेला उभी जाळली पाहिजे. आमच्याकडं पण अशीच एक आहे. एकानं लिहिलं होतं, ही आमच्याच गावातली खरी घटना आहे, मला सगळं माहीत आहे. त्याखाली लोकांनी गावाचं नाव विचारलं होतं. त्यानं सांगितलं नव्हतं, पण मी रोज तिथं नाव आलं का ते बघायचे.

संपादक रोज तिथं एक मजकूर टाकायचे. स्वतःचं पूर्ण नाव लिहून, शुद्ध मराठीत, की ही कादंबरी आमच्या मासिकात क्रमशः प्रसिद्ध झालेली असून तिचा शेवट मूळ लेखिकेचा नाही. त्याखाली पोरं लिहायची, काका जळले. काका आधी चष्मा पुसा. मी त्यांना फोन करून म्हणाले, सर, नका लिहू. ते म्हणाले, "मग काय करू? सांगा ना, दुसरं काय करू?" इतकी वर्षं त्यांनी मला कामं सांगितली होती. असा प्रश्न कधी विचारला नव्हता. एका ओळखीच्या वकिलांकडंही ते जाऊन आले. वकील म्हणाले, दावा होऊ शकतो, पण वेळ लागेल. किती लागेल ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मग एक दिवस व्हिडिओ दिसेनासा झाला. आमच्या तक्रारीमुळं की दुसऱ्याच कशामुळं, कधीच कळलं नाही. मला आधी खरंच वाटेना. पण तोपर्यंत त्याच्या नकला दुसऱ्या चॅनलांवर होत्याच. एकात मागं बासरीऐवजी वीणा होती.

तरी संपादकांना त्या दिवशी उभारी आली. ते मला घरी बोलावून म्हणाले, "एक शेवटचा अंक काढू. पातळसा. त्यात फक्त शेवट. वर ठळक लिहू, हाच खरा शेवट. पिंपळगावात घरोघरी वाटू. त्या बाईंना समोर बसवून वाचून दाखवू. तुम्ही जाऊन काकूंकडून शेवट घेऊन या." प्रेसवाल्याशी ते बोलूनही आले होते. ते इतक्या दिवसांनी दाढी करून बसले होते. मला नाही म्हणवेना, आणि खरं तर मलाही वाटत होतं की याच्यानं काहीतरी होईल.

काकू बागेत होत्या. मोसंबीला पाणी चालू होतं. मला बघून त्यांनी बांधावर जागा केली. मी त्यांना व्हिडिओ गेल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. शेवटच्या अंकाचं सांगितलं.

"फक्त दोन भाग, काकू. एकसुद्धा चालेल. तुम्ही म्हणाल तसं."

"थोरली गेली," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, वारल्या. माझा चेहरा बघून त्यांनी हात हलवला. "तसं न्हाई. पुण्याला गेली, पोराकडं. आता तिकडंच राहणार म्हन्ली. भांडे नेले, गाय विकली. कुलूप लावलं. मी भिंतीपाशी उभी होते. तिला दिसलं. पण बोलली न्हाई."

"पत्ता घेऊ आपण. अंक तिकडं नेऊ. मी स्वतः जाते."

"नेताल हो तुम्ही. पण त्यात लिहू काय?"

"शेवट."

त्यांनी पायाजवळचं तण उपटलं, मातीतून मुळं झटकली आणि बाजूला टाकलं. "तुम्हाला काय वाटलं, शेवट माझ्याकडं लिहून ठेवलेला होता? मला कुठं ठाऊक होता. मी आपली तिच्याकडं बघत बघत लिहीत होते. तिनं ताक ठेवलं की मला पुढचं कळायचं. मी शेंगा ठेवल्या की पुढचं व्हायचं. ती अशी भिंतीपाशी आली असती, काहीतरी बोलली असती, तर तो शेवट झाला असता. आली, बोलली. आणि काय बोलली ते तुम्हाला माहीत हाय."

"तुमच्या मनात काय होतं ते लिहा. त्या भिंत पाडतात असं लिहा."

"खोटं?" त्या म्हणाल्या. "मंग त्या मोबाइलवाल्यात आणि माझ्यात काय राह्यलं?"

मी तरी विनवत राहिले. माझ्यासाठी लिहा म्हणाले, सरांसाठी लिहा म्हणाले. मला संपादकांचा दाढी केलेला चेहरा दिसत होता. काकू ऐकून घेत होत्या. शेवटी त्या उठल्या, पाण्याची नळी दुसऱ्या झाडाला लावायला गेल्या आणि तिकडूनच म्हणाल्या, "जेवून जा. भाकरी टाकते जल्दीनं."

मी जेवले. दोघींनी जेवताना तुरीच्या भावाचं आणि माझ्या मुलाच्या परीक्षेचं बोलणं काढलं. अंगणात भिंत होतीच. तिकडच्या बाजूला कोंबड्या नव्हत्या, भांडी नव्हती, काही आवाज नव्हता.

बसस्टँडवरून मी संपादकांना फोन केला. ते पहिल्याच रिंगला उचलून म्हणाले, "किती पानं होतील?"

"सर, त्या नाही लिहिणार."

"वेळ मागितलाय का त्यांनी? थांबू आपण. सांगा, थांबू."

"वेळ नाही मागितला."

मागं त्यांच्या घरातला टीव्ही चालू असलेला ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "बरं. प्रेसला मी सांगतो," आणि फोन ठेवला.

अंक निघाला नाही. घनसावंगीमार्गे जालन्याला जाणारी बस उशिरा आली, खच्चून भरलेली. मी दांडीला धरून उभी राहिले. शेजारच्या सीटवर बसलेल्या बाईनं कानाला मोबाइल लावलेला होता आणि ती काहीतरी मन लावून ऐकत होती. काय ऐकतेय ते मला कळत नव्हतं, आणि अंबड येईपर्यंत मी तिच्याकडं बघायचं टाळत राहिले.